अंतोन मास्तरांचा डगला

अकोल्याहून रुईचे गठ्ठे भरायला आलेल्या गाडीवानानं बैल सोडता सोडता सांगितलं, "तुमचे अंतोन मास्तर गेले जी. पटकी झाली, दोन दिवसांत खलास." ही बातमी येऊन पाच आठवडे झाले. खरं सांगायचं तर, ऐकल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा दुःख आलंच नाही. आला तो संशय... हा माणूस मला हे का सांगतोय, याला कुणी पाठवलं? माझा स्वभावच तसा. बायको म्हणते, "तुमी परसादाचाबी वास घेऊन पाह्यता."

अंतोन मास्तर वसईकडचे ख्रिस्ती. अमरावतीच्या आमच्या पाद्रीबाबांच्या शाळेत ते हेडमास्तर, मी दुय्यम. हेडमास्तर म्हणजे घंटा तेच वाजवणार, खोली तेच झाडणार, प्रार्थना तेच घेणार, आणि रविवारीही पोरांना रांगेनं ख्रिस्ती देवळात तेच नेणार. राहायला शाळेमागची एक खोली, तीही गळकी. पाद्रीबाबा महिन्यातून एकदा अकोल्याहून येत आणि हजेरीचं पुस्तक बघत. नियम साधा होता. पटावर रोज चाळीस पोरं हजर असली तर दोन मास्तर, कमी झाली तर एकच. हजेरी लावायची ती प्रार्थनेनंतर, शाळेच्या छपराखाली. तो एक मास्तर कोण उरणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्यात अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि इकडे कापसाला सोन्याचे दिवस आले. वेचणी सुरू झाली की घरातलं प्रत्येक माणूस शेतात, लहानगीसुद्धा. शाळेत समोर पंधरा-सोळा डोकी दिसत आणि पुस्तकात चाळीस हजर. मी ते बघितलं आणि गप्प बसलो. माझीच नोकरी त्यावर तगली होती, मग मी कशाला बोलू? पण दुसरंही दिसत होतं. तिसऱ्या प्रहरी शाळा सुटली रे सुटली की मास्तर काळा डगला चढवून गावाच्या परकोटाबाहेर चालू लागत, आणि सकाळी त्या डगल्याच्या बाह्यांना कापसाचे तंतू चिकटलेले असत. त्या दिवसांत अमरावतीत न्हावीसुद्धा दलाली करत होता. मी ठरवूनच टाकलं... मास्तर कापसाच्या दलालीत पडले. आपण इथं पोरांची नाकं पुसायची आणि यांनी व्यापार करायचा!

पाद्रीबाबा आले तेव्हा हजेरीचा शब्द न काढता मी डगल्याचं तेवढं सांगितलं. त्यांनी मास्तरांना माझ्यासमोर विचारलं, "शाळा सुटल्यावर कुठं जाता?" मास्तरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. म्हणाले, "फिरायला." बस, तेवढंच. आठ दिवसांत त्यांची अकोल्याला दुय्यम म्हणून बदली झाली आणि मी हेडमास्तर झालो. जाताना खुंटीवरचा डगला त्यांनी तसाच ठेवला. "तुम्हाला लागेल. चाळीसच्या खाली जाऊ देऊ नका." मला तो टोमणा वाटला. ते गेल्यावर मी डगल्याचे खिसे चाचपले, एखाद्या व्यापाऱ्याची चिठ्ठी सापडेल म्हणून. निघाले ते पाटीवरच्या पेन्सिलीचे तुकडे. त्याचाही मी काही वाईटच अर्थ लावला असेल.

त्यानंतर पुस्तकात खोटी हजेरी मी लावत होतो.

गाडीवान येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी कौसाबाई शाळेच्या दारात उभी राहिली. तिची दोन पोरं आमच्या पटावर. "मास्तर गेले म्हनतेत, खरं हाय?" मी हो म्हणालो. ती तिथंच खाली बसली. "वाटे, अकोल्याहून येतीन वापस. आता वावराच्या धुऱ्यावर कोन येईन? इथं होते तवा रोज येत. पोराईले कापसाच्या ढिगापाशी बसवून वाचून घेत, मंग नाव लिवत. एका वावरातून दुसऱ्या वावरात, अंधार पडेलोक."

मी विचारलं, "काहून येत ते, सांगितलं कधी?"

"सांगत ना. म्हनत, पोरं बी शिकली पाह्यजे अन् आमच्या दुसऱ्या मास्तरची नोकरी बी राह्यली पाह्यजे. आमाले वाटे, तुमाले ठाव असन."

ती हजेरी खोटी नव्हती. फक्त छपराखालची नव्हती. पाद्रीबाबांना खरं सांगितलं असतं तर पंचवीस नावं खोडली गेली असती आणि त्यांच्याबरोबर मी. मास्तरांना ते कळत होतं, म्हणून ते "फिरायला" म्हणाले. मी त्यांना अकोल्याला घालवलं आणि तिथं त्यांना मरण आलं. हे मी मेल्याशिवाय माझ्या मनातून जाणार नाही.

आता तिसऱ्या प्रहरी तो डगला मी घालतो. मला तो खांद्यात सैल होतो. अचलपूरहून नवे दुय्यम मास्तर आलेत, तरुण आहेत, माझ्याकडे बारीक नजरेनं बघतात. काल सकाळी खुंटीवरच्या डगल्याची बाही त्यांनी चिमटीत धरली, तंतू पाहिले आणि सरळ मला विचारलं, "मास्तर, तुमी रोज कुठी जाऊन राह्यले?"

एवढंच तर विचारायचं होतं... तीन वर्षं आम्ही एका खोलीत शिकवलं, आणि एवढंच मी त्यांना विचारलं नाही.