इस्त्री न केलेला आवाज

वसुधाताई सत्तरीच्या झाल्या त्याच आठवड्यात न्युरेम्बर्गच्या मराठी मंडळातून मोहनचा फोन आला. यंदा दिवाळीच्या कार्यक्रमात काकूंनी गाण्याऐवजी दीपप्रज्वलन करावं, असं समितीत ठरलं होतं. काकूंचा आवाज आता थरथरतो, हे त्याने बऱ्याच आडवळणांनी सांगितलं.

"दिवे लावायला दुसरं कोणी बघा," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्यांना गप्प बसवण्याची ही काही पहिली वेळ नव्हती. बाविसाव्या वर्षी रेडिओची चाचणी त्या पास झाल्या होत्या. पण लग्न झालं आणि सासऱ्यांनी बजावलं, आमची सून रेडिओवर गाणार नाही. ताई घरातल्या घरात गात राहिल्या, नवऱ्याबरोबर जर्मनीत आल्यावर इथल्या मुलींनाही शिकवलं. पण त्यांच्या गाण्याची एक कॅसेटसुद्धा कुठे नव्हती.

शनिवारी जुन्या वस्तूंच्या बाजारात त्यांना सीडी रेकॉर्डर दिसला. माईक जोडायचा, कोरी सीडी घालायची, लाल बटण दाबून गायचं. कॉम्प्युटर नको की कोणाची मदत नको. घासाघीस न करता त्यांनी तो उचलला.

घरी आल्यावर यंत्राने साध्या सीडी सरळ बाहेर ढकलल्या. त्याला 'म्युझिक' छापलेल्याच लागत. चार दुकानं पालथी घातल्यावर त्या मिळाल्या. मग रोज सकाळी अकराला ताई बसू लागल्या. एकदा भरलेलं पुसता येत नव्हतं, त्यामुळे खोकल्यापायी, शेजारच्या ड्रिलपायी पाच सीडी वाया गेल्या. सहाव्या दिवशी बिलावल चाळीस मिनिटं रंगला. वरच्या षड्जावर आवाज फाटला. ताई थांबल्या नाहीत. तोच सूर पुन्हा घेतला आणि पुढे गेल्या.

रविवारी इंगोलश्टाटहून मुलगा आला. श्रीनाथने शेवटपर्यंत ऐकलं.

"आई, फार छान झालंय. फक्त तो वरचा सा मी लॅपटॉपवर सरळ करून देतो. कोणाला कळणारही नाही."

"मला कळेल," ताई म्हणाल्या. "माझ्या आवाजाला इस्त्री नकोय. सत्तर वर्षांचा आहे तो, तसाच ऐकू दे लोकांना."

सीडी अजून पक्की केलेली नव्हती. ते केल्याशिवाय ती दुसऱ्या प्लेअरवर वाजत नाही. ताईंनी त्याच्यादेखत 'फायनलाइज'चं बटण दाबलं. यंत्र दोन-तीन मिनिटं गुरगुरलं.

ती सीडी गेली खालच्या मजल्यावरच्या लिंडनरबाईंकडे, कारण रोज अकराला जिन्यात उभ्या राहून त्या ऐकत असत. आठवड्याने त्यांनी बहिणीसाठीही एक मागितली. पाच मिनिटांत कॉपी होईल, असं श्रीनाथने फोनवर सुचवलं. ताईंनी कोरी सीडी घातली, तानपुरा लावला आणि बहिणीसाठी नव्याने गायल्या.

त्या हिवाळ्यात अशा सात सीडी झाल्या. दोनदा षड्ज स्वच्छ लागला, बाकी वेळा फाटला. ताईंनी प्रत्येकीवर नाव आणि तारीख घातली आणि झाल्या तशाच देऊन टाकल्या.