अमेरिकेचा फुकट नंबर आणि थोरल्या आत्यांचा गुडघा

आमच्या सगळ्या भावकीत अमेरिकेचा टेलिफोन नंबर पहिल्यांदा मी घेतला, आणि तो माधवनगर न सोडता घेतला.

नव्व्याण्णव सालची गोष्ट. यंत्रमागाच्या सुट्या भागांचं माझं दुकान होतं. दुकानासाठी म्हणून कॉम्प्युटर घेतला आणि दुकानात धूळ फार म्हणून तो घरी आणून ठेवला. (दुकानात गिऱ्हाईक फार नव्हतं, पण तो विषय इथं नको.) आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे कुसुमनं, त्याला हळदकुंकू वाहिलं, त्याच्या मापाचं क्रोशाचं झाकण विणलं आणि विचारलं,

"आता हा करतो काय?"

"सगळं करतो!"

"मग दळण आणायला पाठवा त्याला."

अशा नास्तिक वातावरणात मी इंटरनेट आणलं. ते टेलिफोनच्या तारेतूनच यायचं आणि येताना मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं ओरडायचं. शेजारचे लोक सुरुवातीला विचारपूस करायला येत. नंतर नुसतेच दार लावून घेऊ लागले.

एके दिवशी पेपरात वाचलं, की अमेरिकेतली कुठलीशी कंपनी इंटरनेटवरून तिकडचा टेलिफोन नंबर देते. फुकट! त्या नंबरावर कुणी फोन केला, की यंत्र त्याचा निरोप टिपून घेणार आणि तो निरोप, बोलणाऱ्याच्या आवाजासकट, आपल्या ई-मेलात येऊन पडणार. मी वाचलं आणि जागेवर उडालो. माझा भाचा विजय तेव्हा अमेरिकेत इंजिनिअर होता. तो माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा मुलगा. अक्काचं सासर लोणंदजवळच्या खेड्यात. कांदा, ऊस, दोन म्हशी. गावातला फोन पावसाळ्यात मरायचा आणि उन्हाळ्यात त्याचं सुतक चालायचं. त्यामुळं विजयचा एकूण एक निरोप माझ्याकडे यायचा. म्हणजे हा नंबर मला नाही, तर कुणाला?

अर्ज भरायला बसलो. पिनकोडच्या रकान्यात पाचच आकडे मावत होते. आपला सहावा आकडा मी देशाच्या वतीनं सोडून दिला. राज्यांच्या यादीत महाराष्ट्र नव्हता. त्यातल्या त्यात 'म'वरून सुरू होणारं मोंटाना निवडलं. खाली इंग्रजीत बारीक अक्षरात हातभर अटी होत्या. मंगलाष्टकं चालू असताना नवरदेव जितक्या लक्षपूर्वक ऐकतो, तितक्या लक्षपूर्वक मी त्या वाचल्या आणि 'मान्य' म्हणून टाकलं. आला नंबर!

आता फोन करणाऱ्याला ऐकू येईल असं स्वागताचं भाषण आपल्या आवाजात भरायचं होतं. इथं मला थोरल्या आत्या आठवल्या. या विजयच्या वडिलांच्या बहीण. दिवाळीच्या आधी विजयनं पाठवलेल्या पत्रात त्यांचं नाव राहून गेलं होतं, तर त्या चार महिने माहेरी फिरकल्या नव्हत्या. तेव्हा मी माइकसमोर घसा साफ करून बोललो, "नमस्कार! मी मामा बोलतोय. ज्याला निरोप ठेवायचा असेल त्यानं आधी सगळ्यांची नावानिशी विचारपूस करावी. थोरल्या आत्यांपासून सुरुवात करावी. मग मुद्द्याचं बोलावं."

(हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या डोक्यातून ते आजवर गेलेलं नाही.)

विजयला कळवलं, "यापुढं घरच्या फोनवर बोलायचं नाही. अमेरिकेतल्या अमेरिकेत फोन कर!"

आणि नेमकं त्याच आठवड्यात त्याच्या लग्नाचं आलं. दिवाळीला आला तेव्हा त्यानं शिरवळची मुलगी पाहिली होती. वैशाली. तिथल्याच एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायची. स्थळ मी आणलेलं. अक्काला मुलगी इतकी आवडली होती, की तिनं मनातल्या मनात तिला गोठ्याची किल्लीसुद्धा देऊन टाकली होती. पण चिरंजीव "विचार करून कळवतो" म्हणाले आणि विमानात बसले. मुलीच्या वडिलांचा, तात्यांचा, मला निरोप आला : "रविवारी दुपारपर्यंत हो का न्हाई ते सांगा. सोमवारी कऱ्हाडचे पाहुणे सुपारी फोडायला येतायत. मग आमाला बोल लावू नका."

शुक्रवारी सकाळी मी विजयला ई-मेल केला. शनिवारी सकाळी लोणंदहून पॅसेंजरनं अक्का आणि दाजी माझ्याकडे येऊन थडकले. दाजी म्हणजे रिटायर्ड सुभेदार. त्यांनी चप्पल काढायच्या आत विचारलं, "रिपोर्ट?"

"येईल आता. कॉम्प्युटरमध्ये येणार."

"कॉम्प्युटरमधी? फोनला काय झालं?"

"दाजी, फोन आता जुना झाला."

त्यांनी माझ्याकडे, रायफल उलटी धरणाऱ्या रंगरुटाकडे बघावं तसं बघितलं.

नऊ वाजता पहिला निरोप आला. आला म्हणजे यायला लागला. एका मिनिटाचा आवाज उतरवून घ्यायला अर्धा तास! वैकुंठातून पुष्पक विमान उतरावं तशी आम्ही वाट बघत होतो. अक्कानं हात जोडले होते. अखेर स्पीकर खरखरला आणि विजय बोलला :

"राम राम मामा. तुमी सांगितल्यापरमाणं आधी थोरल्या आत्या. आत्या, गुडघा कसा हाय? तेल लावताय न्हवं? आई, बाबा, बरं हाय का? मामी, तुमच्या हातच्या शेंगांच्या चटणीची लय आठवण येती. म्हस व्याली का? काय झालं? पाण्याची पाळी आली का? कांदा काय म्हणतोय? बरं, आता शिरवळचं. मामा, मी लय विचार केला, आन माझं मत असं हाय की..."

टुंऽऽऽ.

"की काय?" अक्का ओरडली. "ह्याच्या पुढचं कुटाय?"

मी खालच्या हातभर अटी उघडल्या. त्यातली चौथी अट : निरोप फक्त एक मिनिटाचा. आमच्याकडे एका मिनिटात माणूस अजून उंबऱ्यावर असतो! गुळपाणी यायचं असतं!

"नकार हाय," दाजी म्हणाले. "आवाज पडलाय त्याचा."

"आवं, म्हशीचं इचारताना कुणी नकार देतंय का? पोरगं हसतंय आतल्या आत!"

तेवढ्यात दुसरा निरोप. पुन्हा अर्धा तास. विजय म्हणत होता, "मामा, मगाचा निरोप मधीच तुटला जणू. पुन्हा पयल्यापासनं सांगतो. थोरल्या आत्या, गुडघा कसा हाय?..."

"आरं सोड की रं त्यो गुडघा!" दाजी स्पीकरला म्हणाले.

या खेपेला तो एक्स्प्रेसच्या वेगानं बोलला. पण नेमकी त्याला लोणंदच्या मावशीची आठवण झाली. 'वैशाली मला' एवढ्यावर टुंऽऽऽ. तिसऱ्या निरोपात तो म्हणाला, "ह्या टायमाला थोडक्यात सांगतो," आणि थोडक्यात का सांगतोय याची माफी त्यानं एकेकाचं नाव घेऊन मागितली. टुंऽऽऽ!

मी ई-मेल केला : "आत्यांना सोड, मुद्द्याचं बोल." पण ई-मेल तो ऑफिसातच बघायचा आणि तिकडं शुक्रवारची रात्र होऊन ऑफिस बंद झालं होतं. दाजी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले आणि तासानं परतले.

"त्याचा फोन एंगेज. सारका एंगेज!"

"मग आपल्याच घरातनं लावून बघा," कुसुम म्हणाली.

"छे! कनेक्शन तोडायचं नाही," मी कॉम्प्युटरपुढं हात पसरून उभा राहिलो. "एकदा तुटलं की पुन्हा मिळेल याची खात्री नाही. निरोप यायचा असला तर?"

दुपारी चौथा आला. एवढासा! डोळ्याची पापणी लवायच्या आत उतरून तयार.

"ऐका की," कुसुम म्हणाली.

"अगं, आपल्या माणसाचा निरोप कधी एवढासा असतो का? कुणा अमेरिकन माणसाचा रॉंग नंबर असणार." आणि जाणकार माणसं करतात त्या झोकात मी तो पुसून टाकला. जागा नको का मोकळी व्हायला, मोठ्या निरोपांना!

त्यानंतर काही आलं नाही. शनिवार गेला. रविवार उजाडला. कॉम्प्युटर चालूच, कनेक्शन चालूच. अक्कानं त्याच्यासमोर उदबत्ती लावली. दाजी गेटपर्यंत जाऊन गर्रकन वळून परत येत होते. कुसुम फक्त माझ्याकडे बघत होती. ते सर्वांत वाईट.

अकराच्या सुमाराला दारात जीप थांबली. आतून शिरवळचे तात्या उतरले. मागून वैशाली! लग्न ठरायच्या आधी मुलगी मुलाच्या मामाच्या दारात! अक्कानं पदर सारखा करत माझ्याकडे बघितलं. मी क्रोशाचं झाकण सारखं केलं.

"व्हय हो मामा," तात्या अंगणातूनच गरजले, "कालधरनं फोन लावतोय. चाळीस येळा लावला आसंल! सारका एंगेज! नकार द्यायचा तर तोंडावर द्या की. रिसीवर काडून ठिवायची ही कुटली तऱ्हा? एवढी पाहुणेरावळी केली आमी, पण आसला खानदानी नकार बघितला न्हाई!"

"नकार न्हाई हो तात्या!" अक्का कळवळली.

"मग होकार हाय?"

"त्योबी न्हाई!"

"मग हाय काय?"

"थोरल्या आत्यांचा गुडघा," दाजी थंडपणे म्हणाले.

तात्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पुरावा म्हणून तिन्ही निरोप वाजवून दाखवले. तात्या ऐकत होते. तिसऱ्या टुंऽऽऽला त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. वैशाली मात्र ऐकता ऐकता कॉम्प्युटरच्या मागं वाकून बघत होती. गालातल्या गालात हसत म्हणाली,

"मामा, ही वायर कुठं जाते?"

"टेलिफोनला."

"घरात लाइन एकच हाय?"

"एकच. पण घट्ट आहे हां! कालपासून तुटली नाही."

"कालपासून?" ती म्हणाली. "म्हणजे कालपासून ह्या घरात कुणाचाच फोन लागला नसंल."

मी कुसुमकडे बघितलं नाही. माणसानं काही ठिकाणी बघू नये.

वैशालीनं हात घातला आणि वायर खसकन उपटली. कॉम्प्युटरनं 'टिंग' केलं. आणि जेमतेम चहा गाळावा तेवढ्या वेळात, कोपऱ्यातला, मी जुना ठरवलेला काळा फोन खणखणायला लागला!

मी झडप घातली. "हॅलो!"

"मामा! विजय बोलतोय. कालधरनं लावतोय, सारका एंगेज! एक ध्यानात घ्या, तुमच्या त्या नंबरावर लावणं मला ट्रंककॉल पडतंय. त्यो मोंटानाचा हाय, मी न्यू जर्सीत हाय! बरं, थोरल्या आत्यांचा गुडघा..."

"गुडघा नको!" आम्ही पाचजण एका सुरात ओरडलो.

तो गोंधळला. "म्हणजे? काय झालं आत्यांना? मामा, खरं सांगा!" आणि आता तो रडवेला होऊन एकेकाची चौकशी करू लागला. अक्का फोन ओढतेय, दाजी "पॉइंटवर ये!" म्हणतायत, तात्या "हो का न्हाई? हो का न्हाई?" करत टोपी हवेत हलवतायत. माझ्या हातून रिसीव्हर निसटला तो वैशालीच्या हातात गेला.

"मी वैशाली बोलतीय," ती शांतपणे म्हणाली. "आत्यांचा गुडघा बरा हाय. म्हस व्याली का ते मला म्हाईत न्हाई." अक्कानं मागून हलकेच "पारडी" म्हटलं. "व्याली. पारडी झाली. सगळी बरी हायत. आता बोला."

तिकडून काहीतरी आलं. अगदी थोडं. तिनं ऐकलं, रिसीव्हर हलकेच जागेवर ठेवला.

"काय म्हणला?" तात्यांनी टोपी चुरगाळत विचारलं.

ती कुसुमकडे वळली. "मामी, साखरेचा डबा कुठं हाय? चहा मी टाकते."

अक्कानं तिथल्या तिथं कडाकडा बोटं मोडली. दाजींनी कॉम्प्युटरला सॅल्यूट ठोकला, मग चूक ध्यानात येऊन टेलिफोनला ठोकला.

लग्न झकास झालं. थोरल्या आत्या पहिल्या पंगतीला, गुडघा घडी करून! नाव घ्यायची वेळ आली तेव्हा वैशालीनं भर मांडवात घेतलं :

"एकाच तारेवर दोन दिवस मामांनी घातला वाद,
जीप आणली शिरवळहून, तेव्हा आली विजयरावांची साद!"

मांडव पाच मिनिटं हसत होता. मीही हसलो, मोठ्यानं. मग विजय मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, एक इचारायचं ऱ्हाऊन गेलं. शनवारी चौथ्यांदा फोन केला तवा मी शहाणपणा केला. एकच शब्द बोललो, 'हो', आन ठिवला. त्यो न्हाई मिळाला?"

माझ्या तोंडात जिलबी होती. ती मी सावकाश चावली.

"नाही रे बाबा," मी म्हणालो. "फुकटचा नंबर तो. अमेरिकेच्या यंत्राचा काय भरवसा!"

इतकी वर्षं झाली, घरात अजून सगळे त्या यंत्रालाच नावं ठेवतात. यंत्र बिचारं परदेशी. त्याला बाजू मांडायची असती तरी थोरल्या आत्यांची विचारपूस करता करताच त्याचं मिनिट संपलं असतं.