मामा चढले भलत्याच बोटीवर

नौदलाच्या त्या गस्ती बोटी एकाच वर्गातल्या, एकाच नकाशावरून बांधलेल्या. एकीत जिथे मिठाचा डबा, तिथेच सगळ्यांत मिठाचा डबा. मामांचा (त्या आचाऱ्याला सगळे खलाशी मामाच म्हणत) अर्धा जन्म त्या बोटींवर रस्सा ढवळण्यात गेलेला. डोळे मिटून हात कढईवर पडायचा. घोटाळा झाला तो त्यामुळेच.

त्यांच्या लेकीचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं. मामांची बोट आज जवळच फिरून संध्याकाळी परतणार होती. "बाबा, तुम्ही नसाल तर मी लग्नाला उभी राहणार नाही," असं लेकीनं बजावलेलं. ती मामींचीच लेक. बोलली म्हणजे बोलली.

धक्क्याला बोटी एकीला एक चिकटून बांधायच्या आणि एकीवरून दुसरीवर पाय टाकत जायचं. मामांची बोट कायम धक्क्यापासून दुसरी. भाजीच्या पिशव्या सांभाळत मामा सवयीनं दुसऱ्या बोटीवर चढले आणि खाली जाऊन कांदा चिरायला लागले. ते बाजारात असताना त्यांची बोट डिझेल भरायला गेली आणि येऊन सगळ्यांत बाहेर लागली, हे त्यांना सांगणार कोण?

बोट सुटली. मामा चहा घेऊन वर गेले, तर सुकाणूपाशी अनोळखी कप्तान!

"तुम्ही कोण?"

"मी मामा. पण तुम्ही कोण?"

उलगडा झाला तेव्हा मामांनी चहा तिथेच ठेवला. ही बोट महिनाभराच्या गस्तीला निघाली होती.

"साहेब, वळवा हो बोट. परवा लेकीचं लग्न आहे."

"आचाऱ्यासाठी बोट वळवू? वर काय कळवू, कांदा संपला म्हणून? तुमच्या बोटीला कळवतो, वाटेत भेटली तर बघू. आमचा आचारी दाढ धरून पडलाय, तोवर जेवणाचं बघा."

मामांनी ठरवलं, जेवण असं बिघडवायचं की यांनीच आपल्याला हाकलून द्यावं. मूठभर मीठ घेऊन त्यांनी रश्श्यावर हात धरला. मूठ काही उघडेना. उद्या देवानं विचारलं, अन्न का नासवलंस, तर काय सांगायचं? मीठ गेलं परत डब्यात, आणि सवयीनं वरून लसणाची फोडणी पडली.

मग काय, खलाशी बोटं चाटायला लागले. तेवढ्यात मामांची बोट दिसली आणि वायरलेसवर तिचा कप्तान ओरडला, "आमचे मामा परत द्या! इथे इंजिनवाल्यानं भात केलाय, त्यात चमचा उभा राहतोय!"

"नीट ऐकू येत नाही," ताटातून मान वर न करता इकडचा कप्तान म्हणाला.

"असा रस्सा या बोटीवर जन्मात झाला नव्हता!" एक खलाशी मोठ्यानं म्हणाला. धाडकन दार उघडलं. गालाला फडकं बांधलेला आचारी झारा घेऊन उभा.

"साहेब, हा उतरतो की मी उतरू?"

"कुठे? समुद्रात?"

"समुद्रात! माझ्या शेगडीला दुसऱ्याचा हात लागतो म्हणजे काय? दाढ गेली खड्ड्यात!"

रुसलेल्या आचाऱ्याच्या हातचं महिनाभर जेवायचं, या विचारानं कप्तानाला वायरलेस एकदम स्वच्छ ऐकू यायला लागला. रबरी होडी खाली सोडली आणि मामा आपल्या उपाशी माणसांत परत आले.

संध्याकाळी मामींनी सगळं ऐकून घेतलं. "स्वतःची बोट ओळखता येत नाही तुम्हाला?"

"अगं, सगळ्या सारख्याच दिसतात."

"मग हॉल नीट बघून ठेवा. शेजारी तसाच दुसरा आहे."

लग्नाच्या सकाळी मामा नवे कपडे घालून हॉलच्या दारात उभे राहिले. आत पाय टाकायच्या आधी त्यांनी राखणदाराला विचारलंच, "इथली नवरी कोणाची हो?"

मागून लेकीनं त्यांचा हात धरला. "तुमचीच, बाबा. चला आत."