चष्म्याचं रिकामं घर

बायकोला मिरजेच्या दवाखान्यात नेताना मी चष्म्याचं रिकामं घर घेऊन गेलो. चष्मा राहिला कवठे महांकाळला घरी, टीव्हीवर.

तसं बघितलं तर त्याची गरजच पडायला नको होती. आमच्या चर्चच्या मंडळीत स्तोत्रवाचनाचा तक्ता भिंतीला लागतो आणि दर महिन्याला बायबलातली दीडशे स्तोत्रं संपवून शेवटची खूण सगळ्यांत आधी करणारा मीच. रोज पाच, चहा निवायच्या आत. पाळकसाहेब कौतुक करायचे. बायको काही बोलायची नाही. तेही मी कौतुकच समजत होतो.

तिच्या हृदयाचं ऑपरेशन सकाळी दहाला होतं. आठच्या सुमाराला तिनं माझा हात धरला.

"आवं, भ्या वाटतंय. ते डोंगराकडं बघायचं स्तोत्र म्हणा."

मी पवित्र शास्त्र उघडलं, चष्म्याचं घर उघडलं, तर ते रिकामं. मग पाठ म्हणायला गेलो. पहिली ओळ आठवली, पुढं सगळं कोरं. शेकडो वेळा ओठांवरून गेलेलं ते, आत उतरलंच नव्हतं. 'देवा, आता तूच बघ,' एवढंच मनात म्हणालो. बहुधा ती माझी पहिली खरी प्रार्थना.

शेजारच्या खाटेपाशी कुंडलचे एक निवृत्त हवालदार आजारी भावाच्या उशाशी बसले होते. माझ्यासारखेच तीन दिवस जागे.

"द्या हिकडं, पाव्हणं," म्हणत त्यांनी पुस्तक घेतलं आणि एकेका शब्दावर बोट ठेवत, अडखळत वाचू लागले. आपला राखणारा कधी डुलकीसुद्धा घेत नाही, या ठिकाणी आले आणि थांबले.

"म्हंजे ह्यो रातंदिस पहाऱ्यावर?"

"व्हय," बायको म्हणाली.

"बदलीला कुणी न्हाई?"

"न्हाई."

"मग आपुन कशाला जागायचं? टेका डोकं, पाव्हणं."

तीन दिवस जागून तिचं काळीज मीच चालवतोय, असा माझा समज होता. मी खाटेच्या कडेला डोकं टेकलं आणि झोपलो; स्ट्रेचर आलं तेव्हा हवालदारांनीच हलवून उठवलं. बायको हसत आत गेली. त्या हसण्याचे आभार मी अजून मानतोय.

ती घरी आली त्या संध्याकाळी मी चष्मा चढवला, शास्त्र उघडलं, घसा खाकरला. म्हटलं, आता हळू वाचू.

"चष्मा काढा आधी," ती म्हणाली. "तुमी वाचाय लागला की देवालाबी धाप लागती."