मुद्देमाल खोलीतला जड दगड

तो दगड मी आजही विसरलेलो नाही. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता, मी ठाण्यात उपनिरीक्षक होतो. एका सकाळी आमचा खबरी धापा टाकत चौकीत आला.

"साहेब, कोपरीत ॲटमबॉम्बचा माल आलाय! एक कोळी भंगारवाल्याकडे घेऊन गेलेला. तिथल्या शिकलेल्या गिऱ्हाइकाने ओळखला, युरेनियम आहे म्हणे."

भंगाराच्या दुकानात आम्ही दगड जप्त केला. पंचनाम्यात लिहिलं, 'काळा, डांबरासारखी चकाकी, मुठीपेक्षा थोडा मोठा.' पण हातात घेतला की मनगट खाली जायचं. मग भर दुपारी जीप कोळीवाड्यात नेली. पन्नाशीचा माणूस दारात जाळं विणत बसला होता. सगळ्या वस्तीसमोर त्याला उचललं.

दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात उभं करायचं होतं. कलम कोणतं लावायचं हे आम्हालाच ठाऊक नव्हतं. दगड मुद्देमाल खोलीत ठेवल्यापासून हवालदार तिथे पाऊल टाकेना. "साहेब, माझं लग्न व्हायचंय अजून!" म्हणाला.

"माल कुठून आणलास?" मी दरडावलं.

"खारीच्या काठाला, कचऱ्यान गावला, सायब."

कचऱ्यात युरेनियम! कुठल्यातरी टोळीला वाचवतोय, अशी माझी खात्री झाली.

त्याच संध्याकाळी आम्ही बोलावलेले भूगर्भशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक कल्याणहून आले. त्यांनी आणलेलं किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र दगडाजवळ नेताच टिकटिक वाढली.

"पिचब्लेंड. युरेनियमचं खनिज," ते म्हणाले. "आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात हे मिळत नाही. बिहारात सिंहभूमकडच्या फार जुन्या खडकांत सापडतं. याचा कोणी घरात बसून बॉम्ब करत नाही. पण कुटू नका, बंद खोलीत ठेवू नका, हात लावला की धुवा." मग भिंग खाली ठेवून त्यांनी विचारलं, "याला काजळी कसली लागलीय?"

तोवर माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. लाखांचा म्हणून विकायचा माल कोण चुलीत घालेल? मी परत कोठडीकडे गेलो.

"दगड तापवलास?"

"तापवला ना! मना वाटला शिसा हाय. कवरा जड! वितळवून जाल्याला वजना करीन म्हनला. पाटीभर कोलसा जालला, पन यो ढिम्म. मंग भंगारवाल्याला इचारला, तू तरी वितळव."

माझ्या मागोमाग आलेले प्राध्यापक मोठ्याने हसले. "फार चुकला नाही बिचारा. यातल्या युरेनियमचं शेवटी शिसंच होतं. फक्त कोट्यवधी वर्षं थांबावं लागतं."

ओल्या फडक्याने काजळी पुसली तेव्हा पांढऱ्या रंगाचा अर्धवट जळालेला ठिपका दिसला, त्यावर आकडा. संग्रहातल्या नमुन्यांवर असा आकडा घालतात, हे प्राध्यापकांनी सांगितलं. सकाळी जवळच्या कॉलेजच्या नोंदवहीत तोच आकडा सापडला. पुढे शेरा होता, 'जुने, निरुपयोगी'. कपाट रिकामं हवं होतं, म्हणून नमुने हातगाडीने खाडीकाठी ओतले होते.

वरिष्ठ म्हणाले, "शिकलेली माणसं आहेत. बेवारस लिहून मोकळे व्हा."

मी नोंदवहीच्या पानासकट सगळं लिहिलं. ज्यांना त्या दगडाचे गुण ठाऊक होते त्यांनी तो उघड्यावर फेकला, आणि ज्याला काहीच ठाऊक नव्हतं तो गजाआड बसला. हे मला पचत नव्हतं. दगड अणुखात्याची माणसं घेऊन गेली.

मी कोठडी उघडली. "जा, सुटलास."

तो जागचा हलेना. "सायब, अख्ख्या कोलीवाऱ्यानं मना जीपमधी घालताना बघलाय. आता मी एकटा चालत गेलू तं कोन मानल?"

आमच्याकडे अटकेचा कागद असतो, पंच असतात. माणूस निर्दोष निघाला, हे चारचौघांत सांगायची रीत मात्र कुठल्याच नियमात नाही.

मी टोपी घातली, जीप काढली आणि त्याला पुढे, माझ्या शेजारी बसवलं.