दादाच्या वल्ह्यातलं पाणी

शनिवार, १७ जानेवारी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. नसरापूरच्या एसटी थांब्यावर मी वल्हं उभं धरून थांबलो होतो. पातं वर, मूठ खाली. पाठीवर हवा काढून गुंडाळलेला पॅडलबोर्ड, पंप आणि लाइफ जॅकेट. वल्हं आडवं करायचं नव्हतं, कारण त्याच्या पोकळ दांड्यात पाणी होतं आणि भाटघरला पोचेपर्यंत ते सांडू द्यायचं नव्हतं.

ते पाणी दादाचं. माझा थोरला भाऊ सुट्टीच्या दिवशी भाटघर धरणाच्या पाण्यावर पुण्याच्या लोकांना पॅडलबोर्ड शिकवायचा. बोर्डवर उभं राहायचं आणि लांब वल्ह्याने पाणी मागे सारायचं, असा तो खेळ. गेल्या मे महिन्यात तिथून परत आल्यावर संध्याकाळी तो दुचाकी घेऊन हायवेला गेला, तो घरी आलाच नाही. वल्हं ओट्यावर तसंच पडून होतं. दहाव्याला माणसं जमू लागली तेव्हा कुणाच्या पायात येऊ नये म्हणून मीच ते गोठ्यातल्या खिळ्याला टांगलं, आणि घाईत उलटं टांगलं. दादा नेहमी पातं खाली ठेवायचा. पुढे झाडलोट करताना आईचा धक्का लागला आणि आतून पाणी हललं. पात्याच्या जोडाला कुठेतरी चीर होती. तिथून शिरलेलं पाणी मी उलटं टांगल्यामुळे आतच राहिलं होतं.

तेव्हापासून आई रोज येता-जाता वल्हं हलवून बघायची. मला एकदा तरी दादासारखं पलीकडच्या काठाला जाऊन यायचं होतं. पण चिरेतून पाणी भरत गेलेलं वल्हं हातातून सुटलं की बुडतं, आणि माणूस मधेच अडकतो. दुरुस्त करायचं तर आधी ते रिकामं करावं लागणार होतं. आईला हे सांगितलं तर ती उठून आत गेली. पुष्कळ दिवसांनी, भाकरी थापता थापता म्हणाली, "सांडायचंच आसंल तर जिथलं तिथं सांड. वाटंत थेंब पडू देऊ नगं."

एसटीत कंडक्टर म्हणाला, "झेंडा घेऊन कुठं निघालास? आडवं ठेव की."

"आडवं नाही ठेवता येत."

"मग त्याचं बी तिकीट काढ," असं म्हणून तो पुढे गेला. पण कापूरहोळला उतरताना वल्हं दारात अडकू नये म्हणून त्यानेच पात्यावर हात धरला.

भोरचा रस्ता कापूरहोळला फुटतो. जाणार असाल तर दुरुस्तीचं सामान इथेच घ्या, पुढे काठावर काही मिळत नाही. नऊ वाजता दुकान उघडल्यावर चीर बुजवायचं दोन नळ्यांचं इपॉक्सी ऐंशी रुपयांना मिळालं. चीर नक्की कुठे आहे ते मात्र दिसेना, म्हणून शेजारच्या पंक्चरच्या दुकानात गेलो. दुकानदार पन्नाशीचा, तोंडात तंबाखू. त्याने वल्हं माझ्या हातातून घेतलं आणि ट्यूब बुडवावी तसं पातं खाली करून पाण्याच्या टाकीकडे नेलं. मी ओरडलो. त्याचा हात जागीच थांबला.

"काय झालं? गंगाजल भरलंय व्हय त्यात?" तो म्हणाला. टायरवर बसलेले दोघे हसले.

मी सांगितलं. सांगताना वाक्यं नीट जुळत नव्हती, पण त्यांना समजलं. दुकानदाराने वल्हं हळूच सरळ केलं, बाहेर जाऊन थुंकून, चूळ भरून आला आणि म्हणाला, "उनात उभं धर." जोडावर त्याने साबणाचा फेस लावला. दांडा तापला तशी आतली हवा फुगली आणि एका जागी फेसाचा बुडबुडा वाटाण्याएवढा झाला. तिथे त्याने खिळ्याने खूण केली.

"पैसे?"

"पाणी पोचव आधी," तो म्हणाला. पैसे त्याने शेवटपर्यंत घेतले नाहीत.

भोरच्या गाडीने धरणाच्या अलीकडे उतरून काठापर्यंत रिक्षा केली, दीडशे रुपये. काठावरच्या एका शेतकऱ्याच्या अंगणात तंबू लावायचे आणि दोन वेळच्या जेवणाचे मिळून चारशे ठरले. पिठलं तिखट असतं, आधी सांगा.

दादा जिथून बोर्ड सोडायचा तिथे गुडघाभर पाण्यात उतरलो आणि वल्ह्याचं पातं खाली केलं. वाटलं होतं, धार लागेल. चीर केसाएवढी. थेंब थेंब पडू लागलं. हात भरून आले तरी पडतच होतं.

काठावर शेरडं घेऊन एक म्हातारे आजोबा आले. पलीकडे, वेल्हे तालुक्याच्या अंगाला असलेल्या धनगरवाड्यावरचे, शेरडं चारत वळसा घालून अलीकडे आलेले. बराच वेळ बघून म्हणाले, "आरं, आसं तर सांज हुईल. हापट की जरा."

"हे हापटायचं नाही, आजोबा." मी दादाचं नाव सांगितलं.

"त्यो उभ्यानं जायचा त्यो? काठी घेऊन?" आजोबा पाण्याकडे बघत राहिले. "आमची म्हातारी म्हनायची, ह्यो कुठला मेंढका, मेंढरं न्हाईत आन पान्यावर कळप राखतोय. लई दिस दिसला न्हाई तवा म्हनली, गेला आसंल दुसऱ्या रानाला."

आजोबांनी वहाणा काढल्या आणि ओल्या मातीत उभे राहिले. शेवटचा थेंब पडेपर्यंत तसेच उभे होते. सगळं मिळून चहाच्या कपाएवढंही पाणी नसेल.

मग माझी चूक झाली. वल्हं वाळवून भर दुपारी, उन्हातच चिरेवर इपॉक्सी लावलं. थोड्या वेळाने बघतो तर लेपाच्या मधोमध फोड येऊन फुटलेला. कापूरहोळचा फेस आठवला. तापलेली हवा लेपाला आतून बाहेर ढकलत होती. सगळं खरवडून काढलं, वल्हं सावलीत ठेवलं आणि सूर्य कलल्यावर, गारवा सुटताना पुन्हा लावलं. आता हवा आकसत होती, लेप चिरेत आत ओढला गेला. तुम्हाला कधी करायचं असेल तर संध्याकाळीच करा आणि रात्रभर हात लावू नका. मी तीनदा उठून बॅटरीने बघितलं, पण हात लावला नाही.

रविवारी सकाळी पाण्यावर धुकं होतं, ते निवळेपर्यंत थांबलो. लाइफ जॅकेट घालून आधी गुडघ्यांवर बसून निघालो, मग उभा राहिलो. मधोमध पोचल्यावर डोंगराकडे बघायला मान वर केली आणि पडलो. पाणी इतकं गार की श्वास अडकला. वर आलो तेव्हा हात रिकामे होते. बोर्ड पायाला दोरीने बांधलेला होता, वल्हं नव्हतं. मी मागे वळलो. ते माझ्यापासून दोन हातांवर होतं, पातं वर करून, तरंगत.

पलीकडच्या काठावर फार वेळ थांबलो नाही. चढावर आजोबांची शेरडं दिसली, आजोबा दिसले नाहीत. परत येताना पडलो नाही.

येताना एसटीत वल्हं आडवं ठेवलं.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आईने वल्हं घेतलं, कानाजवळ धरून एका बाजूला कलतं केलं, मग दुसऱ्या बाजूला. आवाज आला नाही.

"पोचलं?"

"पोचलं."

ती गोठ्यात गेली. मी मागे गेलो. तिने पदराने मूठ पुसली आणि दादा टांगायचा तसं, पातं खाली करून, वल्हं खिळ्याला लावलं.