तिसऱ्या ओळीतला सूर

फेलिम मॅकग्लिंचीला शवपेटीत ठेवलं तेव्हा त्याच्या बहिणीनं, ग्रानियानं, जपमाळ त्याच्या डाव्या हाताभोवती अशी गच्च गुंडाळली की हात कमी आणि मणी जास्त दिसू लागले. दोन दिवस दरीतले लोक येत होते, फेलिमचीच तंबाखू ओढत होते आणि हयातभर ज्याला ऐदी म्हटलं त्याला "काय माणूस होता!" म्हणत होते. हाताकडे मात्र कुणी पाहिलं नाही. तेवढी माणुसकी त्या दरीत होती. बाकीची शोधावी लागायची.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. जवसाच्या काड्या झोडपून धागा काढायच्या गिरणीत, विसाव्या वर्षी, फेलिमच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. अनामिका आणि करंगळी. त्या दिवशी तो हात खिशात गेला तो गेलाच. चर्चमध्ये खिशात, जत्रेत खिशात. एकदा गाय अडली तेव्हाही हा पठ्ठ्या एका हातानं वासरू ओढत होता आणि गाय मान वळवून त्याच्याकडे बघत होती. हात बाहेर यायचा तो फक्त फिडल, म्हणजे गावाकडचं व्हायोलिन, वाजवायला, आणि तेव्हा फेलिम भिंतीकडे तोंड करून बसायचा.

अंगठ्याखेरीज उरलेल्या दोन बोटांनी तो सगळं भागवायचा. राहायचा एकच सूर. त्यांच्या आजीनं, तिची धाकटी बहीण अमेरिकेला निघाली त्या सकाळी, एक चाल गुणगुणली होती. 'टेकडीपलीकडची वाट' म्हणायचे तिला घरात. तिसऱ्या ओळीत ती चाल चढत जाते, आणि बहीण टेकडीआड होते तिथं एकच उंच सूर लागतो. तो करंगळीचा सूर. तिथं आला की फेलिम गज उचलायचा, थांबायचा आणि मुकाट्यानं पुढच्या सुरावर उतरायचा.

एका उन्हाळ्यात मिस वेदरॉल नावाची बाई जुन्या चाली गोळा करत सायकलवरून आली. फेलिमनं भिंतीला चाल ऐकवली, बाईंनी ती मागून लिहून घेतली. तिसऱ्या ओळीत गज उचलला गेला तेव्हा राहिलेला सूर गळ्यातून द्यायला ग्रानियानं तोंड उघडलं. फेलिमनं मान वळवून असं पाहिलं की तिनं ते मिटलं.

पुस्तक छापून आलं. त्यात चाल होती, चालीत ते भोक होतं, आणि खाली बारीक टीप होती: 'येथील वादक मृतांच्या आदरार्थ भिंतीकडे तोंड करतात. तिसऱ्या ओळीतील विराम हा या चालीचा आत्मा होय.' मग विद्वान तुटून पडले. एकानं तो विराम म्हणजे हुंदका ठरवला, दुसऱ्यानं त्या हुंदक्याच्या जोरावर चाल चारशे वर्षं मागे ढकलली. आजी बिचारी एवढी म्हातारी कधीच नव्हती. बेलफास्टपासून कॉर्कपर्यंत दहाही बोटं धडधाकट असलेली माणसं त्या जागी गज उचलून डोळे मिटू लागली.

फेलिमनं हे तीस वर्षं ऐकलं. शेवटच्या आठवड्यात म्हणाला, "ग्रानी, माझ्या मातीला तरी ती चाल एकदा अख्खी वाजू दे. आजीला तोंड दाखवायचंय."

"हे आधी सांगायला काय झालं होतं रे तुला?"

"आधी मी जिवंत होतो."

तिनं शब्द दिला.

पुरायच्या दिवशी सकाळी थडग्यापाशी ती चाल वाजवायला डब्लिनहून तीन वादक आले, पुस्तक काखोटीला मारून. ग्रानियानं त्यांच्यापुढे चहा आणि लोणी लावलेला पाव ठेवला, आणि चुलीत जळण सारता सारता चाल अख्खी गुणगुणून दाखवली.

"छान आहे हो बाई," त्यांतला लठ्ठ्या म्हणाला, "पण हा वरचा सूर पुस्तकात नाही."

"पुस्तक कालचं आहे. चाल माझ्या आजीची."

"पण पुस्तकात ती आली तुमच्याच भावाकडून ना? मग त्यांनी हा सूर गाळला कशासाठी?"

उत्तर ओठांवर आलं होतं. पलीकडच्या खोलीत पेटी उघडी होती. मणी जागच्या जागी होते.

"असंच," ग्रानिया म्हणाली. "पाव घ्या अजून. एवढ्या लांबून आलात."

थडग्यापाशी त्यांनी वाजवली, आणि चांगली वाजवली हेच वाईट. तिसरी ओळ चढत गेली. तिन्ही गज एकदम उचलले गेले. त्या शांततेत ग्रानियानं तोंड उघडलं आणि सूर लावला. पासष्टीचा गळा, मधेच फाटला. पण जागेवर लागला. लठ्ठ्याचा गज हातातून सुटता सुटता राहिला. दरीतली माणसं आपापल्या हातातल्या टोप्यांकडे बघत राहिली.

दोन वर्षांनी शाळेचे मास्तर मॅकक्रॉसन पुस्तकाची नवी आवृत्ती घेऊन आले. चष्मा पुसून त्यांनी नवी टीप वाचली: 'या विरामात घरातील वृद्ध स्त्रीने आक्रोश करण्याची प्राचीन रूढी आहे.'

"आक्रोश?" ग्रानिया म्हणाली. "अरे मेल्यांनो, सूर होता तो!"

"मी पत्र लिहितो ना त्यांना. सगळं नीट करून छापतील."

"काय लिहाल?"

"खरं तेच. गिरणी, बोटं..."

तिनं खुंटीवरच्या फेलिमच्या कोटाकडे पाहिलं. डावा खिसा अजून फुगलेलाच होता, चाळीस वर्षांच्या मुठीनं.

"नको मास्तर," ती म्हणाली. "मी आक्रोशच केला होता, असं समजा."